बिनदाराची जीप

आमच्या जीपला दारं नव्हती. कंपनीतून निघाली तेव्हा असतील बापडी, पण आण्णांनी ती सरकारी लिलावात घेतली तेव्हा दारांच्या जागी नुसत्या कड्या होत्या आणि त्यांत अडकवायला साखळ्या. पावसाळ्यात बाजूनं ताडपत्री सोडायची, एरवी ती गुंडाळून वर बांधलेली. आम्हा पोरांना मागं बसवलं की आई साखळी अडकवायची आणि दम भरायची, "घट्ट धरा. तुमचे वडील रस्त्यावरची माणसं बघतेत, मागं कोण पडलं ते बघत न्हाईत." त्यात खोटं काही नव्हतं. आण्णांची नजर रस्त्यापेक्षा रस्त्याच्या कडेला जास्त असायची.

आण्णा म्हणजे माझे वडील. गेवराई तालुक्यात, तलवाड्याच्या अलीकडं आमचं गाव. आमची शेती होती, पण गावात आण्णांची ओळख दूध संस्थेचे चेअरमन म्हणून. ती संस्था त्यांनीच घरोघर फिरून उभी केलेली. त्याआधी गावचं दूध खवा करणारा एक जण नेत असे, तो म्हणेल तो भाव आणि तो म्हणेल ते माप. संस्था निघाली, सरकारी डेअरीची गाडी पार मोठ्या रस्त्यापर्यंत यायला लागली, आणि गावापासून त्या रस्त्यापर्यंत दुधाचे कॅन पोचवायला म्हणून जीप आली. त्यामुळं जीप आमची की संस्थेची हे कुणी विचारलं नाही. ती सगळ्यांची आहे असं गाव धरून चालायचं आणि आण्णाही तसंच धरून चालायचे. फक्त तिच्यात डिझेल घालताना ती आमची व्हायची, असं आई म्हणायची.

जीप सकाळी आपणहून कधी सुरू झाली नाही. म्हणून ती रात्री मारुतीच्या देवळापुढच्या उतारावर लावायची, चाकाखाली दगड. सकाळी कॅन भरले की दगड काढायचा आणि पारावर बसलेल्यांनी उठून ढकलायचं. त्यासाठी कुणाला हाक मारावी लागत नसे. "ढकल बे, रात्री जेवला न्हाईस का?" असं एकमेकांना म्हणत माणसं उठायची. त्यात कालच्या भांडणातले दोघेही असायचे. इंजिन खोकलं, धूर निघाला की सगळे हात झटकत परत पारावर. आण्णांच्या विरोधात बोलणारा माणूससुद्धा सकाळी एकदा आण्णांची गाडी ढकलून मगच विरोधात बोलायला बसायचा.

आणि मग पायदान. जीपच्या कडेला, आण्णांच्या उजव्या हाताला एक लोखंडी पायदान होतं. गावात रीतच पडून गेली होती: ज्याला चेअरमनशी बोलायचंय त्यानं रस्त्यात उभं राहायचं, जीप थांबली की एक पाय पायदानावर ठेवायचा, एक हात वरच्या दांडीवर, आणि बोलायला लागायचं. तो पाय खाली उतरत नाही तोवर जीप हलायची नाही. हे कुणी ठरवलं नव्हतं, पण मोडलंही नव्हतं. बोलणं दुधाच्या फॅटचं असो, भावकीच्या बांधाचं असो की पोरीच्या स्थळाचं, पाय निघेपर्यंत आण्णा ऐकायचे. इंजिन मात्र चालूच ठेवायचे, कारण बंद केलं तर परत ढकलणार कोण? त्या इंजिनच्या आवाजात माणसं ओरडून आपली गुपितं सांगायची आणि मागं बसलेल्या आम्हाला शाळेत जायच्या आधी अर्ध्या गावाचं सगळं कळलेलं असायचं.

मला तेव्हा या पायांचा भयंकर राग यायचा. शाळेला उशीर झाला की मार मला बसायचा, पायवाल्याला नाही. एकदा मी आण्णांना म्हटलं, तुम्ही गियर टाका, तो आपोआप पाय काढेल. आण्णांनी माझ्याकडं असं बघितलं की मी परत तो विषय काढला नाही.

दुष्काळाच्या वर्षी जीपचं काम वाढलं. दूध आटलं, कॅन रिकामे खडखडायला लागले, आणि त्यांच्या जागी पाण्याचे ड्रम आले. वस्त्यांवर टँकर पोचत नसे, तिथं जीप जायची. आता गंमत अशी की पाणी वाहणारी ती जीप स्वतः पाणी प्यायची. रेडिएटर गळका. मैल-दोन मैल गेलं की बॉनेटमधून वाफ यायची आणि आण्णा समोर दिसेल त्या घरापुढं थांबायचे. माणसाला घागर मिळायची मारामार, पण जीपला कुणी नाही म्हटलेलं मला आठवत नाही. भांडी विसळलेलं पाणी, म्हशीच्या पुढ्यातलं उरलेलं पाणी, जे असेल ते. आई म्हणायची, "दूध न देणारी ही आपली येकच म्हस." पुढं त्या खारट, गढूळ पाण्यानं रेडिएटर पार बुजून गेला तेव्हा बीडच्या मिस्त्रीनं विचारलं, यात काय चुना ओतलाय का? आण्णा म्हणाले, समदं गाव ओतलंय.

हे सगळं मी फार गोड करून सांगतेय असं वाटेल, म्हणून दुसरी बाजूही सांगते. जुन्या गाड्यांच्या आठवणींनी ज्यांचे गळे भरून येतात त्यांना एकदा मे महिन्यात भर दुपारी त्या जीपमधून गेवराईच्या बाजारातून घरी आणायला हवं. पत्र्याला हात लागला की भाजायचं. धूळ डोळ्यांत, दातांत, डब्यातल्या भाकरीत. बीडहून कुणाचं लग्न आटोपून परतताना आईच्या नव्या पातळाचा रंग कोणता होता ते घरी आल्यावर झटकून बघावं लागायचं. मी आता बीडला शाळेत शिकवते, माझी स्वतःची छोटी गाडी आहे, थंड हवा लावून काच बंद करून मी ती चालवते आणि मला त्याची काडीची लाज वाटत नाही.

आण्णांनी मात्र त्या धुळीची किंमत छातीनं चुकवली. साठी उलटली तसा खोकला घर करून बसला. दमा आहे, धूळ टाळा, असं डॉक्टरनं निक्षून सांगितलं. आमच्याकडं धूळ टाळायची म्हणजे जिल्हा सोडायचा. तेव्हा पुण्याला नोकरी करणारा माझा भाऊ एक दिवस नवी पांढरी गाडी घेऊनच आला. चारी दारं, चारी काचा, आत गारवा. आईनं गाडीला ओवाळलं, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि मागच्या सीटवर बसून पदर सरळ केला. "आता कसं मानसावानी वाटतंय," ती म्हणाली. जीप भंगारवाल्यानं नेली. त्या दिवशी आण्णा शेतात निघून गेले आणि संध्याकाळी आले.

गाडी खरंच गुणाची होती. किल्ली फिरवली की सुरू, ढकलणं नाही, पाणी मागणं नाही. आण्णा ती स्वतः चालवायचे. पहिल्यांदा पट्टा लावला नाही म्हणून ती टुकटुक करायला लागली तेव्हा ते आईला म्हणाले, "हिलाबी बोलायची सवय हाय." वर्षभरात खोकला निम्म्यावर आला. रात्री उठून बसणं थांबलं. आई देवापुढं दिवा लावताना भावाचं नाव घ्यायची, आणि घ्यायलाच हवं होतं.

गाव काय म्हणत होतं ते आमच्या कानांवर उशिरा आलं. जीप येते आहे हे अर्धा मैल आधी कळायचं, माणसं घरातून बाहेर येऊन रस्त्याला उभी राहायची. नवी गाडी कधी आली, कधी गेली, कुणाला पत्ता लागेना. सकाळी पारावर माणसं तशीच बसलेली, पण उठायचं कारण उरलं नव्हतं. आण्णांनी मुद्दाम काही केलं नव्हतं. ते काचा बंद करून, डॉक्टरनं सांगितल्याप्रमाणं, गारव्यात नीट श्वास घेत संस्थेत जात होते आणि परत येत होते.

मग पुन्हा तसंच कोरडं वर्ष आलं आणि त्याच वर्षी संस्थेची निवडणूक. आजवर ती बिनविरोध व्हायची. या वेळी एक तरुण उभा राहिला, ज्याचा बाप संस्था काढताना आण्णांबरोबर घरोघर फिरला होता. पोरगा वाईट नव्हता, हे मला आजही म्हणावं लागतं. त्याचं म्हणणं असं की संस्था बंद करून गावचं दूध थेट खासगी डेअरीला द्यावं, ते जास्त भाव देतात, आणि दुष्काळात चार पैसे जास्त मिळाले तर जनावरं वाचतील. आण्णांचं म्हणणं, "आज दूध कमी हाय म्हणून भाव देतेत. उद्या पाऊस पडून दूध वाढलं की नगं म्हणतेल. तवा तुमी कुठं जाल? संस्था मोडली की परत उभी ऱ्हात न्हाई." दोघांचंही ऐकलं की दोघंही खरे वाटायचे. पण आण्णांच्या दृष्टीनं हा भावाचा प्रश्नच नव्हता. आयुष्यात त्यांनी स्वतःच्या हातानं उभी केलेली अशी ही एकच गोष्ट होती आणि ती त्यांच्या डोळ्यांदेखत जाणार की राहणार, एवढंच त्या निवडणुकीत होतं.

पण प्रचारात ना भावाचं बोलणं निघालं ना पावसाचं. एका संध्याकाळी आईनं भाकरी थापता थापता विषय काढला.

"गावात काय बोलतेत, ठावं हाय का? आण्णा आता काच वर करून जातेत म्हणं."

"काच वर न्हाई केली तर मीच वर जाईन," आण्णा म्हणाले.

"मला कावून सांगता? गावाला सांगा."

गावाला कसं सांगणार? दम्याचं बोललं की म्हातारा झाला, आता बस कर, असं म्हणणार. न बोललं तर मोठा झाला, माणसं दिसेनाशी झाली, असं म्हणणार. आण्णा त्या रात्री नीट जेवले नाहीत. मला सुट्टी होती, मी गाडी चालवीन असं ठरलं, आणि आम्ही दोघं वस्त्या-वस्त्यांवर फिरायला निघालो.

त्या फिरण्यातला एक प्रसंग सांगते. ओढ्याच्या पलीकडं एक जुने सभासद रस्त्यात भेटले. आण्णांच्याच वयाचे, संस्थेचे पहिल्या दिवसापासूनचे. मी गाडी थांबवली. ते आण्णांच्या बाजूला आले, डावा पाय उचलला, आणि पाय तसाच हवेत राहिला. नव्या गाडीला खाली काही नव्हतंच, नुसता गुळगुळीत पत्रा. त्यांनी पाय परत जमिनीवर ठेवला आणि ते जरा ओशाळले. आण्णांनी घाईघाईनं काच खाली घेतली. नेमका त्याच वेळी शेजारून कडब्याचा ट्रॅक्टर गेला, धुळीचा लोट आत आला आणि आण्णांना असा खोकला लागला की डोळ्यांतून पाणी आलं.

"ऱ्हाऊ द्या आण्णा, काच लावा," ते सभासद म्हणाले. "आमचं काय, बोलू परत कवातरी."

त्यांनी ते कळवळून म्हटलं होतं. आण्णांना मात्र ते फार लागलं. पुढच्या वस्तीपर्यंत ते काचेला हात लावून बसून होते. मला पुण्याच्या भावाचा राग आला, त्यानं आणलेल्या गाडीचा राग आला, ट्रॅक्टरवाल्याचा तर आलाच आला, आणि यांतल्या कुणाचीच काही चूक नव्हती म्हणून आणखी राग आला.

आण्णांचं पॅनल पडलं. मतमोजणी शाळेत झाली. गुलाल उधळला गेला तेव्हा आण्णा दस्ती नाकाला लावून कडेला उभे होते. आमच्याकडं रुमालाला दस्ती म्हणतात. त्यांनी त्या तरुणाच्या गळ्यात हार घातला, तो वाकून पाया पडला, आणि संस्था मोडायची तारीख पुढच्या सभेत ठरेल असं कुणीतरी मोठ्यानं सांगितलं. घरी आल्यावर आई म्हणाली, "आता तरी निवांत बसा." मी गावाला चांगल्या खणखणीत शिव्या घातल्या. ज्यांच्या दारात जीपनं पाणी पोचवलं, ज्यांच्या बायकांना बाळंतपणाला गेवराईला नेलं, त्यांची नावं घेऊन घेऊन. आण्णा ऐकत होते. माझं संपल्यावर म्हणाले, "त्यांनी ढकलली म्हणून तर गाडी गेवराईला गेली ना."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तेव्हा ते घरच्या दुधाची किटली हातात घेऊन दारात उभे होते. गडी दूध घालायला जायचा, त्याला त्यांनी थांबवलं होतं.

"गाडी काढू का?" मी विचारलं.

"नगं. गाडीत बसलो की मला कुणी शिवीसुदिक देत न्हाई."

नाकातोंडाला दस्ती बांधून ते चालायला लागले. मी त्यांचं दम्याचं औषध ओढणीच्या टोकाला बांधून मागोमाग निघाले. रस्त्यात दोनदा थांबावं लागलं. पारावरची माणसं उठून उभी राहिली, कुणी रामराम घातला, कुणी खाली बघितलं. संस्थेत दूध घालणाऱ्यांची रांग लागलेली होती. आण्णांना बघून रांग दुभंगली. तो तरुण चेअरमन आतून खुर्ची घेऊनच बाहेर आला. "आण्णा, तुमी कशाला उभं ऱ्हाता, पुढं या." आण्णांनी मान हलवली आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले. मला वाटलं, आता सगळे गोड बोलतील आणि ते आण्णांना सहन होणार नाही.

तेवढ्यात ओढ्याकडच्या वस्तीवरच्या वैनी आल्या आणि आण्णांच्या मागं उभ्या राहिल्या. एकट्या राहणाऱ्या, दोन म्हशींवर घर चालवणाऱ्या. हातात छोटी चरवी, तिच्यात तळाला थोडं दूध. त्यांनी आण्णांकडं बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलल्या.

"आण्णा, मी तुमाला मत दिलं न्हाई. मागनं सांगन्यापरीस तोंडावर सांगते."

आण्णा वळले. ते दोन्ही हातांनी किटली धरून उभे होते.

"बरं केलं सांगितलंत," ते म्हणाले. "पण कावून, वैनी?"

"वस्तीच्या वाटंला तुमाला हात केलता. पळत पळत आलते मी. गाडी निघून गेली."

"मला दिसलं न्हाई."

"न्हाई दिसलं, खरं हाय. काचंतून कसं दिसंल."

"मग संस्थेत यायचं व्हतं की. काय काम व्हतं? टँकरचं व्हतं का? छावणीचं?" ते चेअरमनसारखं विचारत होते, आणि ते आता चेअरमन नाहीत हे बहुधा त्यांच्याही ध्यानात नव्हतं.

"काम न्हवतं काई," वैनी म्हणाल्या. "म्हस मेलती. तुमाला सांगावं म्हणलं."

आण्णांनी किटली खाली जमिनीवर ठेवली.

"कोनची? ती बांड्या कपाळाची?"

"तीच."

"सांगा."

वैनींनी चरवी किटलीशेजारी ठेवली, पदरानं तोंड पुसलं आणि सुरुवात केली. कुठल्या बाजारात बघितली, विकणारा कसा नाडायला बघत होता, नवरा तेव्हा कसा हिंडता-फिरता होता. मागून आलेले लोक आमच्या बाजूनं एक एक करत पुढं जात राहिले. आण्णा मधेच विचारायचे, "मग?" मला औषध द्यावं का असं वाटत होतं, पण ते खोकत नव्हते. शेवटी रांग संपली आणि आतून त्या तरुणाचा आवाज आला, "आण्णा, दूध आणा, काटा बंद करायचा हाय." आण्णांनी न बघताच हातानं त्याला थांब म्हणून सांगितलं. वैनी अजून बाजारातून म्हैस घरी आणत होत्या.